आजीच्या शब्दांचं अ‍ॅप: लिंक अडवणं, स्क्रिप्ट चालवणं आणि ‘चऱ्हाट’

काल शब्दांची संख्या ३१२ झाली. आजी जिंतूर तालुक्यातली. तिच्या बोलण्यातले शेतीचे आणि घरातले शब्द मी दोन वर्षांपासून लिहून घेतोय: तिफण, चाडं, कासरा, बळद, उतरंड, वाकळ. प्रत्येक शब्दाचा अर्थ तिच्याच भाषेत आहे, आणि एका अर्थात दुसरे चार शब्द येतातच. तिफण (पेरणीचं औत) सांगायची तर चाडं (बी सोडायचं भांडं) आलं, चाडं आलं की नळ्या आल्या, फण आले. म्हणून अ‍ॅपमध्ये अर्थाच्या आतला शब्द अधोरेखित ठेवला. त्यावर बोट टेकवलं की खालून पट्टी वर येते आणि त्यात त्या शब्दाचा अर्थ दिसतो. पान एचटीएमएलचं, वेबव्ह्यूत (अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत) उघडणारं, आणि बाकी सगळं कोटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. वेबव्ह्यूशी खेळणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून आतापर्यंतचा प्रवास इथं मांडतोय.

मेचा पहिला आठवडा

लिंकमध्ये नुसता शब्द लिहून सुरुवात केली. बोट टेकवलं तरी काहीच होईना, आणि कॉलबॅकपर्यंत, म्हणजे लिंक दाबली की वेबव्ह्यू माझ्या ज्या फंक्शनला बोलावतो तिथपर्यंत, तर गोष्ट पोहोचतच नव्हती. कारण साधं होतं. पान मी स्ट्रिंग म्हणून भरत होतो, पानाला स्वतःचा पत्ताच नव्हता. मग नुसत्या शब्दाची लिंक कशाला जोडायची हे इंजिनाला कळणार कसं? अँड्रॉइड ४.४ पासून वेबव्ह्यू क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरच्या इंजिनावर) आला, तेव्हापासून अशा अर्धवट लिंकांचा भरवसा धरता येत नाही. पूर्ण पत्ता द्यायचा आणि त्याला स्वतःची स्कीम (पत्त्याच्या सुरुवातीचा ‘एचटीटीपी’सारखा भाग) ठेवायची. स्कीमचं नाव रोमन अक्षरांतच लागतं, तिथं देवनागरी चालत नाही. माझी रचना अशी ठरली: स्कीम ‘शब्द’ (रोमनमध्ये लिहिलेली), अपूर्णविराम आणि दोन तिरक्या रेघा, मग आज्ञा ‘उघड’, परत तिरकी रेघ, आणि शेवटी देवनागरीतला शब्द. शब्द पत्त्याच्या शेवटच्या भागात असला की यूआरआय वर्गाची ‘गेट-लास्ट-पाथ-सेगमेंट’ ही पद्धत तो उलगडलेला, वाचता येईल असा हातात देते.

अडवायची जागा म्हणजे वेबव्ह्यू-क्लायंटमधली ‘शुड-ओव्हरराइड-यूआरएल-लोडिंग’. ‘ट्रू’ परत केलं की वेबव्ह्यू थांबतो, पुढचं आपण बघायचं. ‘फॉल्स’ दिलं की तो आपल्या वाटेनं जातो. शिकवणाऱ्या कित्येक नमुन्यांत आत तोच पत्ता पुन्हा ‘लोड-यूआरएल’ला देऊन वर ‘ट्रू’ परत केलेलं असतं. तसं करू नका. चालू असलेलं काम मोडून तेच काम नव्यानं सुरू करण्यात काय हशील? अडवायचं नसेल तर सरळ ‘फॉल्स’ द्यावं.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. आपण स्वतः ‘लोड-यूआरएल’नं उघडलेल्या पानासाठी हा कॉलबॅक येत नाही, आणि फॉर्म पोस्ट केला तरी येत नाही. म्हणून पानातला शोधाचा फॉर्म मी काढून टाकला आणि शोधाची चौकट अ‍ॅपच्या बाजूला घेतली.

मामांचा फोन

माझ्या फोनवर सगळं सुरळीत. रविवारी मामा आले तेव्हा म्हटलं, “मामा, तुमचा फोन द्या जरा.” त्यांचा फोन अँड्रॉइड ६ चा. ‘चाडं’वर बोट टेकवलं आणि पांढरं पान आलं, वर स्कीम अनोळखी असल्याची चूक.

या कॉलबॅकची दोन रूपं आहेत. जुन्यात पत्ता स्ट्रिंग म्हणून येतो, नव्यात विनंतीचा पूर्ण ऑब्जेक्ट येतो. नवं रूप एपीआय २४ ला, म्हणजे अँड्रॉइड ७ ला आलं. मी फक्त तेच लिहिलं होतं, आणि अँड्रॉइड ६ ला ते माहीतच नाही. आता दोन्ही रूपं लिहिलीत आणि दोन्हींतून एकाच फंक्शनला बोलावतो. जुनं रूप वापरू नका असं एडिटर सतत बजावतो, पण मामांसारखे फोन आमच्याकडं अजून घरोघरी आहेत. ती पिवळी रेघ मी तशीच राहू दिली.

स्क्रिप्ट

पानाकडून अ‍ॅपकडं यायला लिंक झाली. उलट बाजूनं, अ‍ॅपकडून पानाकडं जायला ‘इव्हॅल्युएट-जावास्क्रिप्ट’. ही एपीआय १९ (अँड्रॉइड ४.४) पासून आहे, मुख्य थ्रेडवरूनच (स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावरूनच) बोलवावी लागते, आणि उत्तर नंतर कॉलबॅकमध्ये येतं. वेबव्ह्यूत जावास्क्रिप्ट मुळात बंद असते, ती आधी सेटिंगमधून चालू करायची.

शोधातून शब्द निवडला की त्याचं पान उघडावं आणि शब्द पिवळा व्हावा, एवढंच हवं होतं. पान उघडायची ओळ लिहिली, खाली लगेच स्क्रिप्टची ओळ. पिवळं काही होईना आणि उत्तर ‘नल’. ती स्क्रिप्ट नव्या पानात चाललीच नव्हती. त्या क्षणी जे पान समोर होतं त्यातच ती चालली, आणि तिथं तो शब्द कुठून असणार? आता शब्द बाजूला धरून ठेवतो आणि ‘ऑन-पेज-फिनिश्ड’ (पान भरून झाल्याचा कॉलबॅक) आला की स्क्रिप्ट देतो. तो कधी दोनदा येतो, म्हणून वापरून झालेला शब्द लगेच रिकामा करतो.

शब्द स्क्रिप्टमध्ये घालताना नुसती जोडाजोड करू नका. आजीच्या एका अर्थात अवतरण चिन्ह होतं, तिथं स्क्रिप्ट अर्ध्यातच तुटली. ‘जेसॉन-ऑब्जेक्ट’ची ‘कोट’ ही पद्धत शब्दाला नीट गुंडाळून देते. येताना उलटं करायचं: उत्तर जेसॉन (माहिती मजकुरात मांडायचा ठरलेला साचा) रूपात येतं, म्हणजे मजकूर असेल तर त्याला अवतरण चिन्हं चिकटलेली असतात. तीही जेसॉन म्हणूनच सोडवायची, कात्री लावून नव्हे.

अ‍ॅपचा ऑब्जेक्ट थेट पानाला देणारी ‘अ‍ॅड-जावास्क्रिप्ट-इंटरफेस’ मी दोन दिवस वापरली आणि काढली. ती पानातल्या प्रत्येक फ्रेमला दिसते, आणि तिच्या पद्धती वेगळ्या थ्रेडवर चालतात. अँड्रॉइड ४.२ च्या आधी तर तिच्यातून पानाला अ‍ॅपच्या पार आत हात घालता येत होता. माझी गरज एवढीशी: एक आज्ञा, एक शब्द. त्याला लिंकचं दार पुरतं. बाहेरच्या जगाची लिंक असेल तर मी ती वेबव्ह्यूत उघडतच नाही, फोनच्या ब्राउझरकडं पाठवतो. आपल्या घरात आपलीच पानं.

चऱ्हाट

आता खरी गोष्ट. आजीच्या हातात फोन दिला. तिनं ‘कासरा’ वाचला आणि आतल्या ‘चऱ्हाट’ (दोर) या शब्दावर बोट ठेवलं. पट्टी वर आली, पण रिकामी. “उघडंना की रे ह्ये,” ती म्हणाली. परत दाबलं, परत रिकामी. शब्द तर डेटाबेसमध्ये होता. शोधातून टाइप केला की सापडत होता. डोळ्यांना दोन्ही ‘चऱ्हाट’ सारखेच, एका काडीचाही फरक नाही.

लिंकचा कच्चा पत्ता लॉगमध्ये छापला, तसाच डेटाबेसमधला शब्दही टक्के-चिन्हांच्या रूपात छापला. दोन ओळी एकाखाली एक आल्या आणि खालची आखूड दिसली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्का धरून ३ अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाला ९. डेटाबेसमधला ‘चऱ्हाट’ ६ चिन्हांचा, ५४ अक्षरं. लिंकमधला ६३. बरोबर ९ जास्त. एक न दिसणारं चिन्ह आत बसलं होतं.

अर्धा र, म्हणजे ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’मधला, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ, मग हलंत. दुसरी, साधा र, हलंत आणि त्यापुढं जोडणारं शून्य रुंदीचं चिन्ह. माझे शब्द मी फोनवर लिहिले होते, काही पानं बहिणीनं संगणकावर दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केली होती. एसक्यूलाइट (माझा डेटाबेस) बाइट ताडून बघतं, त्याला दिसण्याशी देणंघेणं नाही.

पहिला उपाय सुचला तो ‘नॉर्मलायझर’चा एनएफसी, म्हणजे युनिकोडमधली सुटी चिन्हं जोडून एकरूप करायची पद्धत. त्यानं साधा र आणि सुटा नुक्ता मिळून एक ऱ होतो, तेवढा भाग चांगला, पण जोडणारं चिन्ह तो हलवतही नाही. मग वाटलं, ते चिन्ह पुसूनच टाकावं. इथं थांबा! ते पुसलं की उरतो र आणि हलंत, आणि त्याचा होतो रफार. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’. डोंगरातल्या दऱ्यांचा एका ओळीत समुद्र. मराठीत हा फरक अर्थाचा आहे, आणि इतर कुठल्या भाषेसाठी लिहिलेलं साफसफाईचं फंक्शन तो पाळेल असं धरून चालू नका.

शेवटी केलं ते असं: आधी एनएफसी, मग ‘र, हलंत, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलंत’. हे एकच फंक्शन लिंक अडवतो तिथं लावलं, शोधात लावलं आणि डेटाबेसमध्ये भरतानाही लावलं. जुने सगळे शब्द त्यातून एकदा काढले. ३१२ पैकी ७ बदलले.

संध्याकाळी परत आजीकडं गेलो. चऱ्हाट उघडलं. तिनं अर्थ वाचला आणि मान हलवली. “अंबाडीचं लिव्हलं न्हाईस. आम्ही अंबाडीचं वळायचो.” लिहिलं.

आयफोनची थोडी माहिती

छत्रपती संभाजीनगरच्या आतेभावाकडं मॅक आहे, तिथं एक दुपार घालवली. डब्ल्यूके-वेबव्ह्यूत (आयफोनच्या वेबव्ह्यूत) हेच काम ‘डिसाइड-पॉलिसी’मध्ये होतं. तिथं दिलेला हँडलर (निर्णय कळवायचं फंक्शन) प्रत्येक वाटेनं एकदा आणि एकदाच बोलवायचा. माझी एक वाट सुटली आणि अ‍ॅप तिथंच बंद पडलं. नव्या खिडकीत उघडणाऱ्या लिंकेवर तिथं काहीच घडत नाही, ती वेगळी हाताळावी लागते. पुढचं त्याच्याकडं परत जाईन तेव्हा.

सध्या

मृग लागायच्या आत ‘ऐक’ ही दुसरी आज्ञा जोडतोय. रचना तीच, फक्त ‘उघड’च्या जागी ‘ऐक’, आणि आवाज अ‍ॅपच वाजवणार, पान नाही. आजीच्या आवाजात १८ शब्द झालेत. परवा दुपारी लाइट गेली, पंखा बंद झाला, तेवढ्यात ‘चाडं’ घेतलं. चाड्यावर मूठ कशी धरायची ते सांगताना ती हातानं दाखवत होती, आणि बियाणं सोडावं तशी बोटं हलवताना तिच्या बांगड्या वाजल्या, त्या रेकॉर्डिंगमध्ये आल्यात. त्या तशाच ठेवल्या.