10 मिलीची प्लेट

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, जिने, टाक्यांचे स्टँड, हेच काम. एप्रिलअखेरीस नेमबाजी शिकवणारे एक सर आले. उन्हाळी शिबिरातली पोरं कागदाला भोकं पाडून दोन दिवसांत कंटाळतात, म्हणून एअरगनचा छर्रा लागला की हलेल, वाजेल असं टार्गेट त्यांना हवं होतं.

"भाऊ, एकदाच करा, पण पक्कं करा. मागच्या वर्षी पत्र्याचे केले, महिन्यात त्यांच्या वाट्या झाल्या."

मोबाइलवर त्यांनी एआर 500 नावाचं स्टील दाखवलं. 500 हा त्याचा ब्रिनेल मापातला कडकपणा, आकडा जितका मोठा तितकं लोखंड कडक. आपलं साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, सव्वाशे-दीडशेत. एआर 500 चं टार्गेट खऱ्या रायफलच्या गोळीसाठी असतं, एअरगनच्या शिशाच्या छर्‍याला कशाला लागतं? पण पक्कं म्हटलं की आम्हा लोखंडवाल्यांना एकच सुचतं, जाडी. इतवारीच्या लोहाओळीतून 10 मिलीची प्लेट आणली, 20 सेंटिमीटरचे चार चौकोन कापले, वर रॉड वेल्ड करून बुशमध्ये, म्हणजे रॉड फिरायच्या नळीत, बसवला. एकेक चौकोन तीन किलोच्या वर.

शिबिराच्या आदल्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी लावायला गेलो. प्लेटला हात लावला तर चटका बसला. दहा मीटरवरून सरांनी पहिला छर्रा मारला. टिक्. दुसरा. टिक्. प्लेट जागची हलली नाही. बघायला आलेल्या पोरांपैकी एक म्हणालं, "काका, हे तर मेलेलं आहे."

मग हिशेब केला. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला 170 मीटर धरला तरी जोर सव्वासात ज्यूलच्या आसपास. त्याने तीन किलोचं लोखंड काय हलवायचं! हा हिशेब कटरला हात लावायच्या आधी करायचा असतो, एवढं कळायला मला लाज वाटेल इतकी वर्षं लागली.

तेवढ्यात एका पालकांनी आपलं गॅसचं पिस्तूल काढलं आणि कुणी थांबवायच्या आत दोन मारले. आत स्टीलचे गोल छर्रे होते. शिसं प्लेटवर आपटून चपटं होतं आणि टिकलीसारखं खाली पडतं. स्टील तसं करत नाही, ते आल्या वाटेने परत येतं. माझ्या डोळ्यावर ग्राइंडिंगचा चष्मा राहून गेला होता, त्याच्या काचेला टक् झालं आणि चांदणी उमटली. सरांचा चेहरा पांढरा पडला. रेंजवर स्टीलचे छर्रे त्याच क्षणी बंद झाले. बिनचष्म्याचा माणूस आता रेषेच्या आत येत नाही.

रात्री शेडमध्ये पुन्हा बसलो. या वेळी 3 मिलीचे, 8 सेंटिमीटर व्यासाचे गोल कापले. जेमतेम सव्वाशे ग्रॅमचे. वेल्डिंग टाळलं. सारखे हादरे बसले की आधी जोडच मरतो, प्लेट नाही. सायकलची जुनी चेन, एक बोल्ट, नायलॉनवाला नट. चेन मागे, प्लेट पुढे, मधे दोन वॉशर. त्यामुळे प्लेटचं तोंड किंचित खाली झुकतं आणि शिशाचे तुकडे वाळूच्या ट्रेमध्ये पडतात. चेनला छर्रा लागू नये म्हणून वर अँगलचा तुकडा आडवा बसवला. शेडवरचा पोरगा म्हणाला, "दादा, हे तर भंगारातून बनवून राहिले तुम्ही." खरंच होतं, बिलही तसंच लावलं.

सकाळी पहिल्याच छर्‍याला 'टंग' झालं आणि प्लेट झोक्यासारखी मागे गेली. पोरांनी गिल्ला केला. मी तोवर ट्रेमधल्या टिकल्या चाळत होतो. शिशाचे हात धुतल्याशिवाय पोह्यांना लावू नका, असं सर मागून ओरडले.

ते जाड चौकोन परत आणले. एकावर पोरगा आता पाइप ठोकून सरळ करतो.