गुडघ्याची झीज आणि व्यायामाचे उपचार : माझा अनुभव

एक्स-रे उभे राहूनच काढावा, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहून दिले होते, कारण अंगाचा भार गुडघ्यांवर असतानाच सांध्यातील फट किती उरली आहे ते नीट दिसते. माझ्या उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूची फट बरीच कमी झाली होती. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या प्रतवारीनुसार (शून्य ते चार) ही झीज तिसऱ्या श्रेणीची ठरली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचे नाव काढले नाही. केसपेपरवर फिजिओथेरपी विभागाकडे जाण्याची सूचना तेवढी लिहिली.

घरी याला विरोध झाला. दादरच्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते. तेव्हा आधीच झिजलेल्या गुडघ्यांना आणखी कामाला कशाला लावायचे, असा सर्वांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत दिले. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते मुख्यतः सांध्यातील द्रवातून, आणि पायावर भार येणे व सुटणे यामुळेच तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होत राहतो. शिवाय दुखते म्हणून पाय कमी वापरला की मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होतो आणि गुडघ्याचा आधारच कमी होतो.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी त्यांनी मोजमाप घेतले. हाताचा आधार न घेता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ४० मीटर अंतर भरभर चालायला किती वेळ लागतो, जिना चढता-उतरताना काय होते, हे सर्व फाइलवर नोंदवले. नंतर दिलेले व्यायाम दिसायला अगदी साधे होते : गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, कुशीवर झोपून पाय वर नेणे, खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे. ते जमू लागल्यावर घोट्याला वाळूचा पट्टा बांधून भार वाढवला. हा भार वाढवणे हाच उपचाराचा गाभा आहे, असे माझे मत झाले आहे. वर्षभर तेच हलके व्यायाम करून ‘काही फरक नाही’ म्हणणारे माझ्या परिचयात बरेच आहेत.

वेदनेबाबतची सूचना मला सर्वांत उपयोगी पडली. दहापैकी चारपर्यंतचे दुखणे चालेल, मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आले पाहिजे. न आल्यास व्यायाम बंद न करता भार कमी करायचा. सुरुवातीचे काही आठवडे दुखणे थोडे वाढलेच, आणि हा नियम माहीत नसता तर बहुधा मी तेथेच थांबले असते. पावसाळ्यात शिवाजी पार्कची फेरी बंद पडली, तेव्हा इमारतीच्या लांब गॅलरीत चालले.

आता परिणामाविषयी. निवृत्त गणितशिक्षिका असल्यामुळे मी आकडे शोधले. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात गुडघ्याच्या झिजेवर व्यायामाचा परिणाम रुग्णांवर तपासणाऱ्या ५४ चाचण्या होत्या आणि व्यायामाने वेदना १०० पैकी सुमारे १२ गुणांनी कमी झाल्याचे दिसले होते. डिसेंबर २०२४ च्या सुधारित आढाव्यात चाचण्या १३९ झाल्या आणि ही घट सुमारे ९ गुणांवर आली. रुग्णाला एवढा फरक जाणवेलच असे नाही, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे लाभ आहे, परंतु माफक आहे. मात्र पर्यायांकडेही पाहावे लागते : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत वर्षाअखेरीस स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा फिजिओथेरपी सरस ठरली, अर्थात तिच्यात व्यायामाच्या जोडीला हातांनी केलेले उपचारही होते. ओळखीच्या औषधविक्रेत्याने आग्रहाने सुचवलेल्या ग्लुकोसामीनच्या गोळ्या ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत देऊ नयेत असे आहे. व्यायाम आणि वजन कमी करणे हे मात्र त्यांत मुख्य उपचार आहेत. वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे वाचल्यावर मी रात्रीचा भात सोडला. (तो सोडणे व्यायामापेक्षा अवघड गेले.)

माझे दुखणे गेलेले नाही. जमिनीवर मांडी घालून बसणे अजून जमत नाही, आणि गणपतीत आरतीनंतर मी खुर्चीवरच बसते. परंतु दादर स्थानकाचा पूल कठडा न धरता चढता येतो, आणि वेदनाशामक गोळी क्वचितच लागते. फेरतपासणीत खुर्चीवरून उठण्याचा आकडा स्पष्ट वाढलेला होता. एक्स-रे पुन्हा काढावा का, असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी नको म्हटले. फट किती दिसते आणि गुडघा किती दुखतो यांचा मेळ अनेकदा बसत नाही, व्यायामाने ती फट भरूनही येत नाही. त्यांनी केसपेपरवर पट्ट्याचे वजन वाढवण्यास सांगितले आणि दिवाळीनंतरची तारीख दिली.