रेणुकेचं मुख : प्रयत्न तिसरा

माहूरच्या रेणुकेचं मुख मेकअपनं स्वतःच्या चेहऱ्यावर रंगवायचे पहिले दोन प्रयत्न एकाच कारणानं फसले. हात सवयीनं चालला. गाल आत, नाक बारीक, हनुवटी टोकदार. नवरीच्या ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणीकडून शिकलेलं सगळं काँटूर, म्हणजे गडद छटांनी चेहरा कोरीव दाखवणं, वापरून झालं. आरशात जी आली ती मालिकेतली देवी होती, माहूरची नव्हे.

माहूरगडावर रेणुकेचा तांदळा आहे, म्हणजे नुसतं मुख. मागं बघू नको म्हणून बजावलेलं असताना परशुरामानं बघितलं आणि आई तेवढीच वर आली, अशी कथा. साडेतीन पीठांतल्या या देवीला कंबर नाही, हात नाहीत, नाजूकपणा तर नाहीच. रुंद शेंदरी चेहरा आणि डोळे. बाई म्हटल्यावर आपला ब्रश एरवी जिथं जिथं जातो, त्यातलं काहीच इथं चालत नाही. मला हा विषय सोडवेना तो त्यामुळंच.

यावेळी काँटूरचा ब्रश डब्यातच राहिला. खरा शेंदूर चेहऱ्याला अजिबात नको, त्यात शिसं असतं. वॉटर ॲक्टिव्हेटेड, म्हणजे पाण्यानं ओला करून लावायच्या, केशरी फेसपेंटमध्ये किंचित लाल मिसळून स्पंजनं दोन पातळ थर दिले. (जाड थर हसलं की तडकतो. पहिल्या खेपेला तोंडाभोवती भेगाळलेलं रान झालं होतं.) माहूरचा प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल, म्हणून ओठ विडा खाल्ल्यासारखे, कडा मुद्दाम पसरलेल्या.

अडलं ते मळवटाशी. पेंटचा मळवट सपाट दिसतो, कोरडी पिंजर नाकावर गळते. आजी बाजेवरून बघत होती. "काय करायलीस गं? आधी मेण लाव की."

आजोबा गेल्यापासून तिनं कुंकू लावलेलं नाही, पण मेणाची डबी ट्रंकेत होती. मेण तिनं स्वतः कपाळभर चोळलं. पिंजर मात्र, "तू लाव," म्हणाली. दाबून बसवली. ६ तासांत कण हलला नाही, आणि आपण प्रायमरला पैसे मोजतो!

डोळे मिटलेल्या पापण्यांवर काढायचे होते. एक पापणी आपली आपल्याला जमते, दुसरीच्या वेळी पहिली उघडावी लागते आणि रंग घडीत उमटतो. शेवटी दोन्ही बुबुळं आजीनं काढली, काडीला कापूस गुंडाळून. डावं जरा वर गेलंय. दुरुस्त करणार नाही. फोटोही तिनंच काढले, १२. त्यातल्या ११ मध्ये तिचं बोट. बाराव्यात ते मुख असं रोखून बघतंय की मीच दचकले. तेव्हा आत मला अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं.

खोबरेल तेलानं सगळं उतरलं, केसांच्या कडेचं केशरी सोडून. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बसस्टँडवर एका बाईंनी विचारलं, "माहूरहून आलात का?"

हो म्हणाले.