मामांच्या मिनोल्टाचा काटा

मामांचा मिनोल्टा एसआरटी १०१ हा फिल्मचा कॅमेरा बरीच वर्षं कपाटात पडून होता. १९६६ साली बाजारात आलेलं मॉडेल, पण शटर अजून खणखणीत. घड्याळाच्या दुकानातून बटण-सेल आणून तळाच्या झाकणात बसवला, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलला, मी खूश. रोल धुवून आला तेव्हा लॅबवाले म्हणाले, "निगेटिव्ह पातळ आल्यात हो. उजेड कमी पडलाय." छत्तीसपैकी जेमतेम दहा फोटो बरे.

मग एका दुपारी गोदाघाटावर गेलो. लख्ख ऊन. २०० आयएसओच्या (फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) फिल्मला अशा उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/२५० सेकंद हा जुना ठोकताळा. तेच लावून घाटाच्या करड्या पायऱ्यांवर कॅमेरा रोखला, तर व्ह्यूफाइंडरमधलं कडं काही काट्यावर येईना; ते आलं की मीटरच्या मते उजेड बरोबर. १/५०० केल्यावर आलं. मीटरला ऊन दुप्पट दिसत होतं, म्हणून फिल्मवर उजेड निम्माच पडत होता!

हा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. माझा अल्कलाइन, १.५ व्होल्टचा. शिवाय तो उतरत जातो तसं मापही सरकतं, म्हणजे एकदाच हिशेब करून मोकळं होता येत नाही.

उपाय सापडला कानाच्या मशीनच्या दुकानात: ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्ट.

"आजोबांसाठी का?"

"नाही, कॅमेऱ्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप पैसे दिले. सेल लहान, खोबणीत खुळखुळतो; नळाच्या दुकानातलं रबरी वॉशर कडेने बसवलं, हवेची भोकं मोकळी ठेवून. ती भोकं झाकणारा निळा टॅब (चिकटपट्टी) काढून पाच मिनिटं थांबायचं, मग सेल घालायचा. पुन्हा त्याच पायऱ्या, तेच ऊन: कडं १/२५० लाच काट्यावर.

तरी काळाराम मंदिराने फसवलंच. बाहेरून त्या काळ्या दगडावर मोजलं, तर मीटरने दगड राखाडी करून टाकला; तो समोरचं सगळं मध्यम राखाडीच धरतो. आता तिथे हाताचा तळवा उन्हात धरून त्यावर मोजतो आणि एक स्टॉप उघडतो, म्हणजे उजेड दुप्पट देतो. दगड काळाच येतो.

टॅब काढला की फोटो काढा न काढा, सेल दीड-दोन महिन्यांत संपतो. म्हणून कॅमेऱ्यात रोल भरल्याशिवाय मी टॅबला हात लावत नाही.