४८ आकडे

काका लॅपटॉप छातीशी धरूनच आत आले. टेबलावर ठेवण्याआधी म्हणाले, "फॉरमॅट मारायचा नाही, एवढं आधी कबूल करा."

अपडेट चालू असताना घरात कुणीतरी बटण दाबून तो बंद केला होता. तेव्हापासून लोगो यायचा, ठिपके गोल फिरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, विंडोज नव्याने टाकावं लागेल, डेटा गेला समजा. आत त्यांच्या वडिलांची पत्रं होती, चार वर्षं बसून टाइप केलेली. दुसरी प्रत कुठेच नाही.

"डेटा गेला समजा" हे वाक्य मला सहन होत नाही. विंडोज सुरू होत नसलं तरी फायली बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी असतात.

लोगो दिसला की पॉवरचं बटण १० सेकंद दाबून बंद करायचं, असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा लॅपटॉप आपणहून रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर आला. 'ट्रबलशूट'मध्ये 'रिसेट धिस पीसी' सगळ्यात वर दिसतं, त्यात 'कीप माय फाइल्स'ही आहे. त्याने फायली राहतात, टाकलेले प्रोग्रॅम जातात. पण प्रत हातात आल्याशिवाय मी त्या वाटेला जातच नाही.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडायला गेलो, तर समोर बिटलॉकर, डिस्कवरचं सगळं सांकेतिक करून ठेवणारं विंडोजचं कुलूप. ४८ आकडी रिकव्हरी की मागत होता. काकांचा चेहरा उतरला. "मी कधी कुलूप लावलंच नाही हो!" खरंच होतं ते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे कुलूप (एन्क्रिप्शन) आपोआप चालू होतं आणि किल्ली त्याच अकाउंटमध्ये जपली जाते. अकाउंटचा पासवर्ड आठवण्यात पाऊण तास गेला, शेवटी फोनवर कोड मागवून तो बदलला. यादीत दोन किल्ल्या निघाल्या. पडद्यावरच्या आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बरोबर ती निवडली. काका सहा-सहा आकडे वाचत गेले, मी टाइप करत गेलो. आठव्या गटाला त्यांचा आवाज कापत होता.

काळ्या खिडकीतून नोटपॅड उघडलं. त्याच्या 'ओपन'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं की फोल्डर दिसतात आणि तिथूनच पेनड्राइव्हवर कॉपी करता येते. फार गुणी सोय आहे ही. इथे ड्राइव्हची अक्षरं कधी कधी बदलतात. काकांची पत्रं सी ऐवजी डी मध्ये सापडली. कॉपी किती झाली ते कळत नाही, नुसतं थांबावं लागतं. थांबलो. मग पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून एक पत्र उघडून दिलं. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काका म्हणाले, "आता करा काय करायचं ते."

पुढचं लवकर उरकलं. विंडोजची स्वतःची दुरुस्ती, स्टार्टअप रिपेअर, तिने हात टेकले. 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून शेवटचं क्वालिटी अपडेट काढलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि पासवर्डचा पडदा आला. रिसेटची वेळच आली नाही.

निघताना काकांनी ते ४८ आकडे वहीत उतरवून घेतले, दोनदा ताडून पाहिले. पेनड्राइव्ह मात्र बॅगेत टाकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला.