टॅग पुसायचा अधिकार

आज दुपारचा चहा गार झाला तो एका टॅगपायी. आमच्या गडकोटांच्या विकीवर (सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट; मीडियाविकी या सॉफ्टवेअरवरच चालते) कुणीतरी 'फोटो तपासा' ऐवजी 'फोटो तापसा' असा टॅग, म्हणजे पानातल्या बदलाला लावायची छोटी खूण, बनवून ठेवलाय. मी म्हटलं, पुसून टाका की! त्यावरून दीड तास वाद.

मुद्दा असा की संपादनाला टॅग लावणं-काढणं सहसा कुठल्याही नोंदणीकृत सदस्याला जमतं, पण टॅगच पुसला तर तो ज्या ज्या जुन्या संपादनांवर होता, तिथून सगळीकडून जातो. परत आणता येत नाही. म्हणून मीडियाविकीत टॅग बनवण्याचा आणि पुसण्याचा हक्क वेगवेगळा ठेवलाय. दोन्ही मुळात प्रचालकांकडे (विकीचा कारभार बघणाऱ्या सदस्यांकडे) असले, तरी पुसण्याचा काढून घेता येतो. शिवाय ५,०००हून जास्त नोंदींवरचा टॅग विकीवरून पुसताच येत नाही.

आमचे काका म्हणाले, "अरे, निष्क्रिय कर ना! नवीन कुणी लावणार नाही, जुनं तसंच राहील." बरोबर होतं त्यांचं, पण मला ते 'तापसा' रोज बघवत नाही हो.

शेवटी पुसण्याचा हक्क दोघांकडेच ठेवलाय. त्यात मी नाही. 😄