खण नंबर 14

पहिल्या प्रोग्रॅमनं पडद्यावर ‘नमस्कार’ छापला आणि तिथंच फतकल मारली. पुढं सरकेना आणि मरेना. जुलै महिना, बाहेर बेळगावचा पाऊस, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तसला, आणि आत टिळकवाडीच्या खोलीत मी दोन रात्री त्या एका शब्दाकडं बघत बसलो होतो.

दिवसा मी उद्यमबागेत सीएनसी मशीनचे कंट्रोलर दुरुस्त करतो. पोटापाण्याचं ते. रात्री स्वतःची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टम लिहितो. पोट भरणारं नाही, पण सुटतही नाही. आई दार ढकलून विचारायची, “काय करूलालास रे अजून?” तिला काय सांगणार? कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, तयार होता, मेमरी वाटून देत होता, टायमर टिकटिकत होता. आता त्याच्यावर प्रोग्रॅम चालवायचे होते, म्हणजेच सिस्टम कॉल ठरवायचे होते. मला वाटलं, आठवड्याचं काम. तीन पावसाळे गेले.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या प्रोग्रॅमला स्वतःहून डिस्कला, पडद्याला, नेटवर्कला हात लावता येत नाही, प्रोसेसरच लावू देत नाही. काही हवं असेल तर कर्नलकडं मागायचं. ही मागणी म्हणजेच सिस्टम कॉल. हे सगळं ज्या छोट्या बोर्डावर चालतं त्याचा प्रोसेसर रिस्क-फाइव्हचा, आपल्या आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ ज्या घराण्यातला त्याच घराण्यातला. तिथं प्रोग्रॅमनं ए7 रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतला छोटा कप्पा) कॉलचा नंबर ठेवायचा, ए0 पासून पुढं बाकीचा तपशील, आणि ‘ईकॉल’ ही सूचना द्यायची. प्रोसेसर कर्नलमध्ये उडी मारतो, कर्नल काम करतो आणि उत्तर ए0 मध्ये टाकून परत पाठवतो.

आता तो ‘नमस्कार’. शेवटी वैतागून कर्नलच्या दारातच प्रत्येक कॉल छापायला लावला. पहिली ओळ बरोबर: लिहिण्याचा कॉल, फाइल नंबर 1, म्हणजे पडदा. दुसरी ओळ: तोच कॉल, फाइल नंबर 22. तिसरी: तोच कॉल, फाइल नंबर उणे 9. मग उणे 9, उणे 9, पडदा भरून उणे 9.

हा 22 कुठून टपकला? बराच वेळ डोकं खाजवल्यावर उजेड पडला. ‘नमस्कार’ आपल्याला चार अक्षरी दिसतो, पण युनिकोडच्या हिशेबानं त्यात सात चिन्हं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटचं. सात त्रिक एकवीस, वर ओळ संपल्याची एक बाइट. ‘22 बाइट लिहिल्या’ हे माझंच उत्तर होतं, ए0 मध्ये ठेवलेलं. म्हणजे प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जातच नव्हता, परत त्याच ईकॉलवर येऊन पडत होता आणि मागचं उत्तर आता फाइल नंबर म्हणून वापरलं जात होतं. 22 नंबरची फाइल नाही म्हणून उणे 9 (चुकांचे आकडे मी लिनक्सचेच उचलले होते), आणि मग त्याच उणे 9 ची फाइल शोधत कायमचं गोल गोल.

चूक एका ओळीची. मी वाचन केलं होतं एक्स86 वर, म्हणजे इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरवर. तिथली ‘सिसकॉल’ सूचना परतीचा पत्ता म्हणून पुढच्या सूचनेचा पत्ता आपणहून आरसीएक्स रजिस्टरमध्ये ठेवते. रिस्क-फाइव्हमध्ये जो पत्ता राहतो तो खुद्द ईकॉलचाच असतो. ती सूचना चार बाइटची, म्हणून परत पाठवताना त्यात चार मिळवायचे असतात. मिळवले. प्रोग्रॅम शहाण्यासारखा संपला.

हे झालं यंत्राचं. खरी डोकेदुखी पुढं होती: कॉल किती आणि कोणते?

लिनक्समध्ये तीनशेच्या वर आहेत. एमआयटीत विद्यार्थ्यांना शिकवायला जी एक्सव्ही6 नावाची छोटी सिस्टम वापरतात, तिच्यात 21. मी हावरटासारखी 43 ची यादी केली होती. मग एकेक खोडत गेलो. फाइल निर्माण करायचा वेगळा कॉल कशाला, उघडतानाच ‘नसेल तर कर’ म्हणता येतं की. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमचा तो कॉल म्हणजे ‘क्रिएट’, शेवटचा ई गाळलेला. पुन्हा युनिक्स केलंत तर काय बदलाल असं विचारल्यावर केन थॉम्प्सननं ‘तो ई घालीन’ असं सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. किस्सा गंमतीचा, पण मला तो वाचून घामच फुटला. पन्नास वर्षं झाली आणि एक अक्षर दुरुस्त करता आलेलं नाही. फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रॅमची हुबेहूब नक्कल काढणारा कॉल, ठेवायचा की नाही यावर एक अख्खा महिना घालवला आणि शेवटी नाही ठेवला. वेळ मात्र पहिल्या दिवसापासून 64 बिटांत मोजला, कारण 32 बिटांतले सेकंद 19 जानेवारी 2038 ला संपतात आणि तेव्हा मी रिटायर झालेलो नसेन. यादी 19 वर आली.

माझ्या सिस्टमचा पहिला आणि बराच काळ एकमेव बाहेरचा गिऱ्हाईक म्हणजे डिप्लोमाचा मित्र, निपाणीचा. त्यांची तंबाखूची वखार आहे. त्यानं वजनकाट्याला माझा बोर्ड जोडला आणि वजनं नोंदवणारा प्रोग्रॅम लिहिला. आठवड्यात कर्नल आडवा. याच्या प्रोग्रॅमनं काय करावं? वाचण्याचा कॉल फसला, उत्तर आलं उणे 9, आणि यानं ते न बघता तोच आकडा ‘इतक्या बाइट लिही’ म्हणून पुढच्या कॉलला दिला. मी तपासत होतो की पत्ता अधिक लांबी हद्दीच्या आत आहे ना. पण उणे 9 हा बिनचिन्हाच्या (म्हणजे उणे न मानणाऱ्या) 64 बिटांत प्रचंड आकडा. पत्त्यात मिळवला की बेरीज घड्याळासारखी फिरून मूळ पत्त्याच्या नऊ घरं मागं येते. हद्दीच्या आत! तपासणी पास, कर्नल खड्ड्यात. तेव्हापासून मी बेरीज करत नाही. हद्दीतून पत्ता वजा करतो आणि उरलेल्या जागेत लांबी मावते का ते बघतो.

“तुझा प्रोग्रॅम चुकीचा होता,” मी फोनवर म्हटलं.

“असू दे की लेका. माझा चुकला तर माझा मरू दे. तुझा का मरतो?”

याला उत्तर नव्हतं.

उद्यमबागेतल्या पहिल्या नोकरीत मला सहा महिने स्टोअरमध्ये बसवलं होतं. तिथले स्टोअरकीपर काका चिठ्ठीवर कधी सही करत नसत. कामगारानं खिडकीतून चिठ्ठी दिली, ‘10 एमएमची ड्रिल, 2 नग’, की काका ती आधी स्वतःच्या वहीत उतरवत आणि माल वहीतल्या आकड्यावरून काढत. मी एकदा म्हटलं, काका, चिठ्ठी समोर आहे, दोनदा लिहायचं कशाला? म्हणाले, “मी रॅककडं वळलो की चिठ्ठी कुणाच्या हातात असते? दोनाच्या मागं एक लावायला किती वेळ लागतो?”

हे मला आठवलं ते माझ्या फाइल उघडण्याच्या कॉलमध्ये तोच घोटाळा सापडल्यावर. कर्नल प्रोग्रॅमच्या मेमरीतलं फाइलचं नाव वाचत होता, परवानगी तपासत होता आणि मग उघडताना तेच नाव पुन्हा तिथूनच वाचत होता. बोर्डावर दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी दोन कामं. त्याच प्रोग्रॅमचा दुसरा धागा (थ्रेड) त्या दोन वाचनांच्या मध्ये नाव बदलू शकतो, आणि तपासलेली फाइल एक, उघडलेली दुसरी. मी मुद्दाम तसा प्रोग्रॅम लिहिला, काही मिनिटांत जमलं. आता काहीही आलं तरी आधी कर्नलच्या वहीत उतरतं, मग तपासणी, आणि पुढचं सगळं वहीतूनच.

सगळ्यात महागात पडलं ते माझं सौजन्य. फाइल उघडताना द्यायचे पर्याय एका आकड्याच्या बिटांत असतात. मला चार बिट माहीत होते, बाकीच्यांकडं मी दुर्लक्ष करायचो. उगाच कुणाला अडवा कशाला? पुढं पाचवा बिट मी ‘उघडताना फाइल रिकामी कर’ याला दिला. निपाणीकराच्या प्रोग्रॅममध्ये तो पर्यायांचा आकडा नीट शून्य केलेलाच नव्हता. पाचव्या बिटात पहिल्यापासून कचरा होता, पण तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं. मी नवा कर्नल पाठवला, त्यानं चढवला आणि दोन महिन्यांची वजनं गेली. नशीब, त्याच्या वडिलांचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांची वही होती.

नंतर कळलं की लिनक्ससुद्धा याच खड्ड्यात बसलंय. त्यांचा जुना ‘ओपन’ अनोळखी बिट मुकाट्यानं गिळतो. लोकांनी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमांपायी तो आता कडक करता येत नाही, म्हणून 2020 मध्ये 5.6 आवृत्तीत ‘ओपनएट2’ आणावा लागला. तो अनोळखी बिट दिसला की सरळ परत पाठवतो. माझाही आता तसाच: माहीत नसलेला एक बिट जरी असला तरी उणे 22, म्हणजे ‘मागणी चुकीची’, घरी जा. निपाणीहून शिव्या आल्या. येऊ देत.

मध्यंतरी एक कॉल काढून टाकला, 14 नंबरचा. पडद्यावर रंगीत अक्षरं काढायचा, हौसेनं केलेला, कर्नलमध्ये त्याचं काही काम नव्हतं. तक्त्यात मधेच भोक दिसायला लागलं. वाटलं, नवीन कॉल येईल तो इथं बसवू. फार तर सगळे नंबर पुन्हा ओळीत लावू.

पण आमचं गाव बघा. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, पाट्या बदलल्या, आम्ही घरात बेळगावच म्हणतो. नावाचं काय व्हायचं ते होवो, रेल्वेचा स्टेशन कोड बीजीएम होता तो बीजीएमच राहिला. प्रोग्रॅमच्या लायब्ररीत मीही नावं हवी तशी बदलतो, मराठीतसुद्धा करून बघितली. नंबर मात्र आधी तयार झालेल्या प्रोग्रॅमांच्या पोटात शिजलेला असतो.

काकांच्या रॅकवर 38 नंबरचा खण रिकामा असायचा. आतली गेज झिजून बाद झाली होती. जागेची टंचाई, खाली पेट्या रचलेल्या, तरी काका त्यात दुसरं काही ठेवू देत नसत. जुनी जॉब कार्डं शेडमध्ये कुठं कुठं पडली होती, त्यांवर ‘खण 38’ लिहिलेलं. एखादा ते कार्ड घेऊन आला तर त्याला ‘नाही’ ऐकून परत जाऊ दे, भलतीच गेज घेऊन नको.

गेल्या महिन्यात निपाणीकराला टायमरसाठी नवा कॉल हवा होता. त्यानं तक्ता बघितला आणि म्हणाला, 14 रिकामा आहे, तोच दे. मी 20 दिला.